काराव्हाज्जोचं ‘मत्तयाला पाचारण’: आधी उजेड शोधा, मग गोष्ट

बायबलमधल्या प्रसंगाचं बरोक (सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुरू झालेल्या नाट्यमय शैलीतलं) चित्र पहिल्यांदा समोर आलं की बहुतेक जण चेहऱ्यांपासून सुरुवात करतात. हा कोण, तो कोण, येशू कुठे आहे? पण या चित्रांत गोष्ट सांगायचं निम्मं काम उजेडावर सोपवलेलं असतं, आणि चेहऱ्यांच्या मागे लागलं की नेमकं तेच निसटतं. म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी उजेड, मग हात, मग माणसं, आणि रंग बऱ्याच उशिरा.

सरावाला एकच चित्र घेऊ: इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘संत मत्तयाला पाचारण’. १५९९-१६०० मध्ये तैलरंगात रंगवलेलं हे चित्र रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये, कोंतारेल्ली चॅपेलच्या (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनादालनाच्या) डाव्या भिंतीवर आहे. ज्या भिंतीसाठी रंगवलं त्याच भिंतीवर ते आजही आहे, आणि नवशिक्यासाठी हे चित्र निवडण्याचं मोठं कारण हेच. संग्रहालयात हलवलेल्या चित्राचा मूळचा उजेड गेलेला असतो. याचा अजून शाबूत आहे.

प्रसंग इवलासा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ९व्या अध्यायाचं ९वं वचन: येशू वाटेने जाताना जकातनाक्यावर बसलेला मत्तय त्याला दिसतो, ‘माझ्यामागे ये’ असं तो म्हणतो, आणि मत्तय उठून जातो. संपलं. मराठी बायबलात शब्दच ‘जकात’ असल्यामुळे आपल्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही; जकात वसूल करणाऱ्याबद्दल लोकांचं मत काय असतं हे २०१७ पर्यंत मुंबईच्या नाक्यांवर रांगा लावणाऱ्या ट्रकवाल्यांनाही सांगता आलं असतं. ना रक्त, ना चमत्कार, ना वादळ. एवढ्याशा वचनातून सव्वातीन मीटर उंचीचं नाट्य उभं कसं केलं, हेच आपल्याला बघायचं आहे.

तयारी

पाऊण तास काढा. चित्राची मोठी प्रत हवी. रुंदीला निदान ३००० पिक्सेल. मोबाइलवर बघू नका. मूळ चित्र ३२२ सेंमी उंच आणि ३४० सेंमी रुंद आहे. मोबाइलच्या सहा-सात सेंमीच्या पडद्यावर ते जवळजवळ पन्नास पटींनी आकसतं आणि टेबलावरची नाणी ठिपक्याएवढीही उरत नाहीत. लॅपटॉप घ्या, खोलीतला उजेड कमी करा, आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर पुढे रंगांबद्दल काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकेल.

आकाराचा अंदाज येण्यासाठी घरातल्या भिंतीवर चिकटपट्टीने ३४० सेंमी, म्हणजे सव्वाअकरा फुटांच्या आसपास, रुंदी आखून बघा. उंची आखायला जाल तर बहुतेक फ्लॅटमध्ये छत आडवं येईल, कारण ती साडेदहा फुटांच्या वर आहे. यातली माणसं जवळपास आपल्याएवढी आहेत. पडद्यावर बाहुल्यांएवढी दिसणारी माणसं तुमच्या मापाची आहेत हे मनात पक्कं करूनच पुढे जा.

पहिली पायरी: डोळे किलकिले करा

पापण्या इतक्या मिटा की चेहरे ओळखू येऊ नयेत, फक्त उजळ आणि काळे डाग उरावेत. जमत नसेल तर प्रत कृष्णधवल करून बोटाच्या नखाएवढी लहान करा. आता डाग मोजा.

तीन गोष्टी दिसायला हव्यात. एक, चित्राचा वरचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा आहे: भिंत, एक खिडकी आणि अंधार. दोन, सगळी माणसं खालच्या अर्ध्यात आहेत, आणि डावीकडचा पाचजणांचा घोळका व उजवीकडची दोन माणसं यांच्यामध्ये एक काळी फट आहे. तीन, मागच्या भिंतीवर वर उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी उजेडाची तिरपी कड आहे. ती येशूच्या डोक्यावरून निघते आणि टेबलाच्या दिशेने येते.

नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो. वरची रिकामी भिंत ‘पार्श्वभूमी’ म्हणून सोडून देतो. चित्रकाराने निम्मा कॅनव्हास भिंतीवर का घालवला, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर त्या तिरप्या कडेत आहे: तिला धावायला मैदान हवं होतं. हाताने वरचा भाग झाकून बघा. खाली उरतो तो जुगाराच्या अड्ड्यासारखा एक घोळका. बोलावणं उरत नाही.

दुसरी पायरी: दिवा कुठे आहे?

समोर खिडकी दिसते, म्हणून उजेड तिच्यातून येतो असं वाटतं. हा चकवा आहे. खिडकीच्या तावदानांत काचेऐवजी तेलकागदासारखं काहीतरी मंद, धुरकट आहे. त्यातून काहीच आत येत नाही. खात्री करायची असेल तर सावल्या तपासा. एखादा चेहरा मोठा करून नाकाची आणि हनुवटीची सावली कुठे पडते ते बघा. ती डावीकडे आणि खाली जाते, म्हणजे उजेड उजवीकडून, वरून, चौकटीच्या बाहेरून येतो. हीच तपासणी तीन चेहऱ्यांवर करा. एकावरून ठरवलं तर मान वळलेल्या माणसाकडून फसाल.

आता चॅपेलची जागा लक्षात आणा. मधोमध वेदी, तिच्यावर उंचावर खरी खिडकी, आणि डाव्या-उजव्या भिंतींवर समोरासमोर दोन चित्रं. डाव्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की वेदी आणि तिची खिडकी उजव्या हाताला येते. चित्रातला उजेडही उजवीकडूनच येतो. काराव्हाज्जोने रंगवलेला उजेड चर्चच्या खऱ्या उजेडाच्याच वाटेने आत आणला. समोरच्या भिंतीवरच्या मत्तयाच्या हौतात्म्याच्या चित्रात हाच हिशेब उलटा आहे. तिथे उजेड डावीकडून येतो.

आणखी एक बारकावा. उजेड येशूच्या बाजूकडून येतो, पण येशूच्या अंगातून निघत नाही. त्याच्या डोक्यावर तेजोवलयाची एक बारीक रेघ आहे, इतकी बारीक की लहान प्रतीत पुसली जाते. चेहरा अर्धा अंधारात, अंग जवळजवळ पूर्ण झाकलेलं. चित्रातला सर्वांत महत्त्वाचा माणूस सर्वांत कमी दिसतो, आणि ज्यांना बोलावलं नाही ती भरजरी पोरं लख्ख उजेडात बसली आहेत. महत्त्व म्हणजे झगमगाट, हे समीकरण इथे सोडून द्या.

तिसरी पायरी: फक्त हात

एका पुठ्ठ्याला तीन सेंमी व्यासाचं भोक पाडा आणि ते पडद्यावर धरून एकेक हात बघत चला. उजवीकडून सुरुवात करा.

येशूचा हात लांब केलेला आहे, पण ताठ नाही. मनगट सैल, बोटं किंचित वाकलेली. हुकूम सोडणाऱ्याचं बोट असं नसतं. सिस्टीन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने देव आणि आदाम (बायबलातला पहिला माणूस) एकमेकांकडे हात करताना रंगवले आहेत; त्यातला आदामाचा हात शेजारी ठेवून बघा. वळण तेच आहे. हात देवाचा नव्हे, आदामाचा घेतलाय, हे महत्त्वाचं. ख्रिस्ती परंपरेत येशूला दुसरा आदाम म्हणतात, आणि रोममधला प्रेक्षक ही खूण सहज ओळखत असणार. (काराव्हाज्जोचं स्वतःचं नावही मिकेलांजेलो, मेरिसी हे आडनाव, आणि काराव्हाज्जो हे घराण्याचं गाव.) या हाताच्या वर खिडकीच्या चौकटीचा क्रूस आहे. तो योगायोग समजू नका.

त्याखाली पेत्राचा, म्हणजे येशूसोबत आलेल्या शिष्याचा, हात. तीच खूण, पण आखूड आणि थोडी अडखळती. क्ष-किरण तपासणीत असं दिसलं की पेत्र मूळ मांडणीत नव्हता, तो नंतर आला. अंगठ्याने पेत्राला झाकून बघा. येशू अख्खा मोकळा होतो, जवळ येतो, आणि चित्र सोपं होतं. पेत्र परत आणला की येशू त्याच्या पाठीमागे सरकतो आणि हात तेवढा बाहेर राहतो. एक माणूस वाढवून दुसऱ्याला कमी दाखवण्याची ही युक्ती लक्षात ठेवा. बरोक चित्रांत ती वारंवार भेटते.

टेबलावरच्या दाढीवाल्याचा हात या ओळीतला तिसरा. त्याचं बोट स्वतःकडे आहे की शेजारी मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या तरुणाकडे, यावर अभ्यासकांत वाद आहे. ‘मी?’ की ‘हा?’ पारंपरिक वाचनात दाढीवाला म्हणजे मत्तय. दुसरा पक्ष म्हणतो की खरा मत्तय तो मान खाली घातलेला तरुण आहे आणि पुढच्याच क्षणी तो मान वर करणार आहे. दुसरं वाचन आकर्षक आहे, पण आमचं झुकतं माप पहिल्याला. याच चॅपेलमधल्या उरलेल्या दोन्ही चित्रांत मत्तय दाढीवाला, प्रौढ आहे. तीन चित्रांच्या मालिकेत नायकाचा चेहरा पहिल्याच चित्रात वेगळा ठेवला तर प्रेक्षकाची पंचाईत होईल. तरी बोट मोठं करून स्वतः बघा.

चौथी पायरी: उजवीकडून डावीकडे वाचा

आपल्या डोळ्यांना डावीकडून उजवीकडे जायची सवय आहे. इथे ती मोडावी लागते, कारण बातमी उजवीकडून येते आणि टेबलावर एकेकापर्यंत पोचते. पाठमोरा, कमरेला तलवार असलेला तरुण दचकून वळलाय. त्याचं वजन बैठकीवरून सुटू लागलंय. समोरचा पिसांची टोपी घातलेला मुलगा बघतोय, पण दाढीवाल्याच्या खांद्याला रेलून, कारण त्याला अजून काही कळलेलं नाही. दाढीवाल्याला कळलंय, पटलेलं नाही. चष्मा लावलेला म्हातारा नाण्यांवर वाकलाय. आणि टोकाचा तरुण मोजतोच आहे.

आता उजेडाची कड पुन्हा बघा. ती शेवटच्या दोघांपर्यंत पोचली आहे. त्यांच्यावर उजेड पडलाय आणि त्यांनी मान वर केलेली नाही. वचनात नसलेलं सगळं नाट्य या एका अंतरात भरलेलं आहे.

येशूच्या पावलांकडेही एक नजर टाका, त्यासाठी प्रत चांगलीच मोठी करावी लागेल. हात टेबलाकडे आहे, पण पावलं निघायच्या बेतात वळलेली आहेत. तो थांबणार नाही.

कपड्यांचं थोडक्यात: टेबलावरची मंडळी काराव्हाज्जोच्या काळातल्या रोमच्या वेशात आहेत, येशू आणि पेत्र अनवाणी आणि जुन्या काळच्या वस्त्रांत. दोन काळ एकाच खोलीत. फटीच्या अलीकडे एक शतक, पलीकडे दुसरं.

पाचवी पायरी: रंग

आधी प्रत तपासा. पाठमोऱ्या तरुणाच्या बाहीवर काळे-पांढरे पट्टे आहेत. तुमच्या प्रतीत त्यातला पांढरा नारिंगी दिसत असेल तर फोटो उष्ण झालाय. निळसर दिसत असेल तर थंड. दोन-तीन ठिकाणच्या प्रती शेजारी ठेवून मधली निवडा. सावल्या उजळून सगळं ‘स्पष्ट’ केलेल्या प्रती टाळाच. त्यात अंधार राखाडी होतो, आणि या चित्रात अंधार हा ऐवज आहे.

मग रंग मोजा. लाल, सोनेरी-पिवळा, पांढरा, काळा आणि भरपूर मातकट तपकिरी. झळझळीत निळा शोधूनही फारसा सापडणार नाही. लाल-सोनेरी कुठे आहेत? पिसांच्या टोपीवाल्या मुलाच्या अंगावर, म्हणजे मधोमध, भर उजेडात. डोळा आधी तिथेच जातो आणि मग वाट चुकल्यासारखा उजवीकडे सरकतो. रंग डोळ्याला पैशाकडे ओढतो, उजेड हाताकडे. या ओढाताणीत चित्र ताणलेलं राहतं.

काराव्हाज्जोचा रंग सावलीत शिरला की संपतो. लाल बाही सावलीत ‘गडद लाल’ होत नाही, ती तपकिरी अंधारात बुडते. याचं कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे: कॅनव्हासवर आधीच गडद तपकिरी अस्तर, त्यावर उजेडाचे भाग जाडसर रंगात, आणि सावलीच्या जागी अस्तर जवळजवळ तसंच सोडलेलं. त्याची कागदावरची कच्ची रेखाटनं सापडलेली नाहीत. काही चित्रांत अस्तरावर टोकदार वस्तूने ओढलेल्या मोजक्या खुणा मात्र दिसतात.

सहावी पायरी: तिरकं बघा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते, आणि ती सोडली तर चित्र अर्धवट राहतं. चॅपेल अरुंद आहे. प्रेक्षक कठड्यापाशी उभा असतो, चित्रासमोर सरळ नसतो. म्हणजे तो चित्राच्या डाव्या कडेकडून, कोनात बघतो. लॅपटॉप डावीकडून साधारण ४५ अंशांच्या कोनात बघा. नाणी मोजणारा तरुण तुमच्या शेजारी येतो आणि येशू खोल आत, वेदीच्या बाजूला जातो. तुम्ही टेबलावर, जकातवाल्यांच्या बाजूला बसलेले आहात, आणि तो हात तुमच्याकडेही केलेला आहे.

हाताने करून बघायचं: एका दिव्याचा प्रयोग

लागेल ते: ९ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब, लांब वायरचा होल्डर, एक पुठ्ठा, दोन गडद चादरी किंवा गोधड्या, आणि टेबलाभोवती बसायला तीन माणसं. रात्री करा. बाहेरचा उजेड आला की खेळ संपला.

बल्ब जमिनीपासून दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर, उजवीकडे, सर्वांत जवळच्या माणसापासून निदान चार मीटर दूर लावा. अंतर का? उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दिवा पहिल्या माणसापासून १ मीटर आणि शेवटच्यापासून ३ मीटर असेल तर शेवटच्यावर नववा हिस्साच उजेड पोचतो आणि तो गायब होतो. ४ आणि ६ मीटर ठेवले तर शेवटच्यावर निम्म्याला थोडा कमी पडतो. चित्रात टोकाच्या तरुणावरही उजेड आहे, म्हणजे रंगवलेला दिवा लांब आहे. छोट्या खोलीत जागा नसेल तर दार उघडून दिवा पॅसेजमध्ये ठेवा. दाराची चौकटच कड कापेल. नसेल तर बल्बसमोर अर्ध्या हातावर पुठ्ठा तिरका धरा आणि भिंतीवर ती उतरती कड येईपर्यंत हलवत राहा. पुठ्ठा दिव्याच्या जवळ नेला की कड मऊ होते, दूर नेला की धारदार.

बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो: सावल्या काळ्या होतच नाहीत. दोष पांढऱ्या भिंतींचा. दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि सावली भरून काढतो. म्हणून माणसांच्या डाव्या बाजूला, भिंतीवर, गडद चादरी लटकवा. शक्य असेल तर छताचीही एक पट्टी झाका. फरक लगेच दिसेल.

फोटो काढताना मोबाइलची नाइट मोड आणि एचडीआर बंद ठेवा. दोन्हींचं कामच सावल्या उजळणं आहे. उजळ गालावर बोट ठेवून फोकस करा आणि सूर्याच्या चिन्हापाशी बोट खाली ओढून उजेड कमी करा, गालाचा पोत दिसेपर्यंत. मग एकाला उजवीकडे, दिव्याच्या अलीकडे उभं करून हात लांब करायला सांगा. हात आधी ताठ, मग सैल ठेवून दोन फोटो काढा. सैल हातातली हाक ऐकू येते, ताठ हातातला दम ऐकू येतो.

रंगवायचं असेल तर

३० सेंमी रुंद आणि साधारण २८.५ सेंमी उंच बोर्ड घ्या. मूळ प्रमाण तेच आहे. ॲक्रिलिक चालेल. बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून अस्तराचे दोन पातळ हात द्या, दोन्हींमध्ये पूर्ण वाळू द्या. पॅलेटवर पाचच रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. निळी ट्यूब दुसऱ्या खोलीत ठेवून या.

माणसं काढू नका. पहिल्या पायरीत मोजलेले डागच काढा, चपट्या ब्रशने, ऑकर आणि पांढऱ्याच्या मिश्रणात. सावलीला हात लावायचा नाही, अस्तरच सावली. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून उजेडाचा पहिला हात हवा त्यापेक्षा एक पायरी उजळ द्या. शुद्ध पांढरा शेवटपर्यंत राखून ठेवा आणि दोन-तीन ठिकाणीच लावा: बाहीचे पट्टे, मनगट. सगळीकडे लावला की चित्र खडूसारखं दिसतं. काळ्याने सावल्या भरायचा मोह झाला तर थांबा. काळा थर बोर्डावर भोकासारखा दिसतो, तपकिरी अस्तर मात्र खोलीतल्या हवेसारखं. काळा फक्त फट आणखी खोल करायला.

दोन तासांत संपवा. बोर्ड उलटा धरून दोन मीटरवरून बघा. उलट्या चित्रातही ती तिरपी कड नजरेला टेबलाच्या टोकापर्यंत नेत असेल तर पुढे समोरच्या भिंतीवरचं हौतात्म्य घ्या. तिथे दिवा डाव्या हाताला लावावा लागेल.